चार फोटोंचा एक डबा

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा एक डबा म्हणजे पन्नास-साठ फुटांचं धूड. समोरच्या फलाटावरून तो एका फोटोत सबंध बसवायचा, तर मागे सरकायला जागा हवी, आणि तीच तिथे नसते. हेन्री चॅलफंट या शिल्पकाराने १९७० च्या दशकात यावर तोड काढली. गाडी थांबली रे थांबली की फलाटावरून चालत एकामागून एक चार-पाच फोटो घ्यायचे, प्रत्येकात आधीच्याची थोडी कड येईल असे. मग प्रिंट कापून, कडा जुळवून चिकटवायचे. दारं लागून गाडी सुटायच्या आत काम उरकलं पाहिजे!

घाई आणखी एका कारणाने होती. ब्रॉन्क्स-ब्रुकलिनची पोरं रात्री कारशेडमध्ये घुसून स्प्रेने अख्खे डबे रंगवायची. रेल्वेवाले ते धुऊन टाकत, नाहीतर दुसरंच कुणी वरून आपलं नाव चढवी. रंगवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नसे. त्यामुळे पोरंच चॅलफंटला फोन करून कळवू लागली, आज आमची गाडी धावतेय.

मार्था कूपरचा खाक्या वेगळा. ती ‘न्यूयॉर्क पोस्ट’ची छायाचित्रकार. दिवसाचं काम संपलं की उरलेला रोल ती लोअर ईस्ट साइडच्या गल्ल्यांत खेळणाऱ्या मुलांवर संपवायची. त्यांतल्याच एकाने तिला आपली चित्रांची वही दाखवली आणि डाँडी या नामांकित ग्राफिटीकाराशी गाठ घालून दिली. १९८० मध्ये ती डाँडीबरोबर रात्रभर यार्डात राहिली. दोन डब्यांच्या मधल्या फटीत, एक पाय इकडे, एक तिकडे टेकवून रंग मारणारा डाँडी तिने टिपला. चॅलफंटच्या फोटोत नुसता डबा असतो, कूपरच्या फोटोत डब्याभोवतीचं शहरही. त्यासाठी ती ब्रॉन्क्सच्या पडीक जागांत तासन्‌तास गाडीची वाट बघे.

त्याच वर्षी जानेवारीत वॉशिंग्टन हाइट्सच्या स्टेशनात पोलिसांनी काही मुलांना मारामारीच्या संशयावरून धरलं. मुलं म्हणाली, आम्ही नाचत होतो, आणि तिथेच नाचून दाखवलं. कूपर तिथे पोचली होती. पुढे एप्रिल १९८१ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाने ब्रेकिंग या नाचावर सॅली बेन्सचा लेख छापला, फोटो कूपरचे.

चॅलफंट आणि कूपर ही दोघं या पोरांच्या जगात बाहेरची. छायाचित्रकार जो काँझो मात्र घरचाच. साउथ ब्रॉन्क्समधल्या शाळेतले त्याचे सोबती ‘कोल्ड क्रश ब्रदर्स’ या रॅप गटात होते, त्यामुळे त्याचा कॅमेरा थेट त्यांच्या मंचापाशी.

आधी प्रतिस्पर्धी असलेल्या कूपर-चॅलफंटने अखेर फोटो एकत्र केले. अमेरिकी प्रकाशकांनी नाकं मुरडली. ‘सबवे आर्ट’ हे त्यांचं पुस्तक १९८४ मध्ये निघालं ते लंडनच्या ‘थेम्स अँड हडसन’कडून, आणि युरोपातल्या पोरांनी त्यावरूनच अक्षरं गिरवली.

रंगवलेली शेवटची गाडी १२ मे १९८९ रोजी सेवेतून निघाली. पुस्तक घ्यायचंच तर २००९ ची मोठ्या आकाराची आवृत्ती शोधा. लांबलचक डब्यांना तेवढी ऐसपैस पानं हवीतच.