गिरणीच्या छपरांचे पुढे काय झाले?

गिरणगावची हकिकत बहुधा भोंग्यापासून सुरू होते आणि संपापाशी थांबते. वाचकहो, आज आपण जरा पुढे जाऊ आणि मागे उरलेल्या इमारतींकडे पाहू.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली; दोन वर्षांनी तिच्या चात्या फिरू लागल्या. अशा गिरण्यांचे छप्पर तुम्ही नीट पाहिले आहे का? करवतीच्या दात्यांसारखे असते ते. दात्यांच्या उभ्या अंगाला काचा, आणि काचांचे तोंड उत्तरेला. ऊन आत शिरत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा. तुटलेला धागा दिसायला हवा ना! खाली ओतीव लोखंडाचे खांब, मध्ये भिंतींचा अडसर नाही. यंत्रे हलवली की तिथे शाळा भरेल, नाटक होईल, बाजारही मांडता येईल.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुष्कळ गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. मग १९९१ च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. पण जुनी इमारत तशीच राखून आत नवा धंदा मांडला, तर वाटणीचा प्रश्नच येत नसे! लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये दुकाने आली, धुराडे शोभेला उभे राहिले. इमारत वाचली म्हणून आनंद मानावा, तर आत पूर्वीच्या कामगाराला परवडेल असे फारसे काही नव्हते. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

मला विचाराल तर खरी चूक मोजमापात होती. चौरस फूट मोजले, माणसे मोजली नाहीत. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका घ्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले होते. एखादे साचाखाते त्यांच्या चुलींसाठी सहज चालले असते. तिन्ही वाट्यांत त्यांचे नाव नव्हते.

घरांचे म्हणाल, तर गिरण्यांच्या जमिनीवरील सुमारे ६,९०० घरांची सोडत म्हाडाने २०१२ साली काढली. अर्ज लाखाच्या वर आले होते.