हळद लाल का होते?

आपल्या रत्नागिरीत पोर झाडावरून पडलं, मुका मार लागला, की आजी हळद-चुन्याचा लेप लावायची. चुना लागताच पिवळी हळद लाल! कपड्यावरचा हळदीचा डागही साबणाने लाल होतो. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. म्हणजे आम्ल-अल्कली ओळखणारा दर्शक आपल्या घरातच होता. मग त्यावरून शास्त्र का उभं राहिलं नाही?

१६६४ साली रॉबर्ट बॉइल यांनी रंगांवर पुस्तक लिहिलं. व्हायोलेट फुलांचा निळा अर्क आम्लाने तांबडा होतो, अल्कलीने हिरवा. एवढं पाहून ते थांबले नाहीत. पदार्थ कुठल्या गटातला, हे त्यांनी रंगालाच विचारलं. पुढे १८७१मध्ये बायर यांनी फिनॉल्फ्थॅलिन बनवलं. कॉलेजात टायट्रेशनला आपण वापरतो तेच, आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी.

"हे आमच्याकडे होतंच" असं आपण अभिमानाने म्हणतो. अनुभव होता, खरंच. पण हळद-चुना कालवणाऱ्या आजीला कुणी शाळेत पाठवलं नव्हतं, आणि शिकलेल्यांना स्वयंपाकघरातली गोष्ट अभ्यासाची वाटत नव्हती. चुन्याऐवजी राखेचं पाणी घातलं तर काय होईल, हा प्रश्न या दोघांच्या मधे राहून गेला. तो आता आपण विचारू या.