अद्भुतकथा आणि डॉ. जॉन्सन : एका वाचकाचे दोन अभिप्राय

कल्पित कथांच्या वाचनाने वाचकाचा काही अपाय होतो काय, हा प्रश्न जुनाच आहे. कधी तो शूर सरदारांच्या अद्भुतकथांविषयी विचारला गेला, कधी प्रणयकादंबरीविषयी, तर विसाव्या शतकात चित्रकथांविषयी. निमित्त बदलले तरी आरोपाचे स्वरूप फारसे बदलले नाही. ह्या आरोपाची छाननी करण्यास अठराव्या शतकातील इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४) ह्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. कारण ह्या एकाच वाचकाने ह्या विषयावर दिलेले दोन अभिप्राय सकृद्दर्शनी परस्परविरोधी आहेत.

पहिला अभिप्राय त्याच्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेला आहे. ३१ मार्च १७५० रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘रॅम्बलर’च्या चौथ्या अंकात त्याने नव्या वास्तवदर्शी कथेचा विचार केला. रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ व फील्डिंगची ‘टॉम जोन्स’ ह्या कादंबऱ्या तेव्हा नुकत्याच प्रसिद्ध झाल्या होत्या. जॉन्सन हा अद्भुताचा शत्रू व वास्तवाचा कैवारी, अशी समजूत करून हा निबंध वाचणाऱ्यास आश्चर्य वाटेल. राक्षस व ओसाड किल्ले ह्यांनी भरलेल्या जुन्या रोमान्सची तो थट्टा करतो हे खरे. परंतु भय बाळगतो ते नव्या कथेचे. जुन्या कथेतील पात्रे वाचकाच्या जीवनापासून इतकी दूर, की त्यांचे अनुकरण त्याच्या हातून होण्याचा संभवच नाही. नवा नायक मात्र सर्वसामान्य जगात वावरतो. त्याचे दुर्गुण मोहक करून दाखविले, तर तरुण वाचक तेच उचलील.

दुसरा अभिप्राय बॉस्वेलने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात आढळतो. त्याचा साक्षीदार टॉमस पर्सी. १७६४ च्या उन्हाळ्यात जॉन्सन हा पर्सीच्या ईस्टन मॉडिट येथील घरी राहिला, तेव्हा त्याने वाचावयास निवडला तो ‘फेलिक्समार्ते दे इर्कानिया’ हा स्पॅनिश अद्भुतकथेचा जाडजूड ग्रंथ. आणि तो त्याने शेवटपर्यंत वाचला. पर्सीच्या सांगण्याप्रमाणे लहानपणापासून जॉन्सनला अशा कथांचा अतोनात नाद होता व तो आयुष्यभर टिकला. इतकेच नव्हे, तर कोणत्याही एका व्यवसायात आपले चित्त स्थिर झाले नाही, ह्याचा दोष जॉन्सन ह्या कथांवरच ठेवीत असे.

हा अभिप्राय दुसऱ्याच्या तोंडून आलेला असल्याने त्याचे मोल पारखून घेणे अवश्य आहे. नादाविषयी तरी पर्सीची साक्ष एकाकी नाही. १७७६ मधील प्रवासात जॉन्सनजवळ ‘पामेरिन’ची इटालियन आवृत्ती असल्याचे बॉस्वेलने स्वतः नोंदविले आहे, मात्र ती आपण भाषेसाठी वाचीत असल्याचे जॉन्सनने त्यास सांगितले. मुलांना मुलांच्याच गोष्टी नकोत, राक्षस व किल्ले हवेत, हे त्याचे मत श्रीमती पिओझी ह्यांनी १७८६ च्या आठवणींत दिले आहे. कार्यकारणाची गोष्ट निराळी. जॉन्सनचे ऑक्सफर्डचे शिक्षण पदवीविना सुटले ते मुख्यतः दारिद्र्यामुळे. तेव्हा कथांवरील त्याचा आरोप हा त्याच्या आत्मपरीक्षणाचा पुरावा होय. कथांच्या परिणामाचा नव्हे.

मग अद्भुतकथा निरुपद्रवी की अपायकारक? दोन्ही अभिप्राय एकाच अपायाविषयी आहेत असे मानल्यानेच हा विरोध उत्पन्न होतो. १७५० मध्ये जॉन्सन आचरणाविषयी बोलत होता : वाचक काय करील? पर्सीजवळ तो चित्ताविषयी बोलला : वाचक कोठे रमेल? रोमान्स वाचून कोणी राक्षसाशी झुंजावयास निघत नाही. परंतु समोरचे काम त्यास नीरस वाटू शकते. ह्या दुसऱ्या अपायाचे चित्र जॉन्सनने ‘रासेलस’मध्ये (१७५९) रेखाटले आहे. तेथील ज्योतिर्विद विद्वान व सदाचारी आहे. पण एकान्तातील कल्पनेच्या आहारी जाऊन ऋतू व पर्जन्य आपल्याच आज्ञेत आहेत असे तो मानू लागतो. त्याचे आचरण निर्दोष. ढळले ते चित्त.

हा ग्रंथ मराठीतही आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले ‘रासेलस’चे भाषांतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री ह्यांनी पूर्ण केले व ते १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या अद्भुतरम्य कादंबऱ्या मराठीत अवतरल्यानंतरचा हा काळ होय. पुढे विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’त जॉन्सनवर विस्तृत निबंधही लिहिला.

वाङ्मयाच्या परिणामाची चर्चा करताना आचरण व चित्त ह्यांतील हा भेद सहसा पाळला जात नाही. एका अपायाचा पुरावा दुसऱ्याच्या खाती मांडला जातो, आणि पुस्तक सरसकट दोषी किंवा सरसकट निर्दोष ठरते. जॉन्सनने ह्या भेदाची स्वतंत्र मीमांसा केली नाही. तथापि राक्षसांच्या कथांना हसणारा टीकाकार आणि त्याच कथा शेवटच्या पानापर्यंत वाचणारा पाहुणा ही एकच व्यक्ती होती, हे ध्यानी घेतले असता तो भेद आपोआप स्पष्ट होतो.