माळवद आणि स्लॅब

एखाद्या शहराचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपली दृष्टि प्रथम वेशींकडे आणि मकबऱ्यांकडे जाते. परंतु सामान्य माणूस ज्या भिंतींच्या आड जन्मला व वाढला, त्या भिंतींचाहि एक इतिहास असतो; आणि तो राजांच्या इतिहासाहून कमी बोधप्रद असतो असें नाहीं. आज छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादच्या घरांची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें शहर वसविलें. डोंगराच्या पायथ्याचें पाणी त्यानें जमिनीखालील नहरीनें शहरांत आणलें. पुढें मोंगली अमदानींत जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा असे रजपूत सरदारांच्या नांवांचे पुरे वसले. थोरांच्या वाड्यांचें जोतें काळ्या दगडाचें, बांधणी विटांची व चुन्याची; सामान्यांचीं घरें मात्र मातीचीं, माळवदाचीं.

माळवद म्हणजे काय, हें कोंकणांतील वाचकांस सांगितलें पाहिजे. कोंकणच्या पावसाला उतरतें छप्पर लागतें. मराठवाड्यांत पाऊस बेताचा आणि ऊन कडक, म्हणून येथें छप्पर सपाट. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच्यांचा थर आणि त्यावर चोपून बसविलेली पांढरी माती. घराचें माप खणांनीं सांगत. ही माती दिवसाची आंच आंत येऊं देत नसे, आणि रात्रीं त्याच माळवदावर सारें घर निजावयास जाई.

१८३७ पासून १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणी गादीवर होती, परंतु औरंगाबाद निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तिच्या काळाचें वारें येथें दोनच वाटांनीं आलें. एक वाट छावणीची. तेथें ओसरीचे व उंच छताचे बंगले उभे राहिले. दुसरी आगगाडीची. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग या शहरावरून गेला, आणि शहाबादची फरशी, लोखंडी गर्डर, पत्रा हीं दूरदेशींचीं द्रव्यें दाराशीं येऊं लागलीं. तोंवर सामान्य माणसाचें घर बैलगाडीच्या टप्प्यांतील मातीचें, दगडाचें व लांकडाचें असे. तें बंधन सुटलें, हाच खरा पालट होय.

त्यानंतर चुन्याची पाळी आली. बैलाच्या घाणींत मळलेला, गुळाच्या व बेलफळाच्या पाण्यानें चिकट केलेला चुना हवेंतून हळूहळू बळ घेतो. त्याला वेळ लागतो आणि जाणता गवंडी लागतो. १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ अ‍ॅस्पडिननें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. १९१४ पासून पोरबंदरास सिमेंट निघूं लागलें. तें कांहीं तासांत घट्ट होतें. घाईच्या युगाला तेंच मानवलें. १९७० नंतर सिडकोनें नवीं वसाहत आंखली. पुऱ्यांच्या नांवांऐवजीं तेथें एन-१, एन-२ असे क्रमांक आले आणि खणांच्या जागीं चौरस फूट आले.

माळवदाविषयीं हळहळ वाटणें सोपें आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरतां येत नाहीं. गणपतिविसर्जनाची रात्र संपत आली होती. किल्लारीच्या भूकंपांत मराठवाड्याच्याच लातूर-उस्मानाबाद भागांत हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. मारलें कोणी? मातीनें, असें लोक म्हणाले. परंतु गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षें छपरावर मातीचे थर चढविले गेले होते. दगडी भिंतींच्या दोन अंगांना सांधणारे जोडदगड घातलेले नव्हते. धक्का बसतांच भिंतीचीं अंगें फाकलीं आणि वरचा भार निजलेल्यांवर आला. पुढें जाणकारांनीं उपाय सांगितले: माळवदावरील माती कमी करावी, भिंतींत जोडदगड घालावेत, खांब-तुळईच्या सांध्यांस तिरके आधार द्यावेत. उपाय साधे होते. पण उडालेला विश्वास साध्या उपायांनीं परत येत नाहीं. ज्याला जमलें त्यानें स्लॅब घातला.

त्यांस दोष कोण देईल? मात्र स्लॅबहि विसराळूपणाला क्षमा करीत नाहीं. नव्या कामावर पुरेसें पाणी मारलें नाहीं, आंतल्या सळईला गंज चढला, तर तोहि खचतो. आणि फरक इतकाच कीं, वाकलेली तुळई घरच्या म्हातारीलाहि दिसे, गंजलेली सळई फुटेपर्यंत कोणासच दिसत नाहीं. शिवाय वैशाखांत त्याच स्लॅबखालीं रात्रभर तळमळावें लागतें.

सारांश, दगड, माती, चुना, सिमेंट यांपैकीं कोणतेंहि द्रव्य स्वभावतः दुष्ट नाहीं वा तारकहि नाहीं. घर टिकतें तें त्याच्या धन्याला त्याची बांधणी कळत असेपर्यंत. जुन्या पुऱ्यांत अजून कांहीं माळवदें उभीं आहेत. तीं पाडावयाचीं असतील तर पाडावींत. पण पाडण्यापूर्वीं तीं कशीं उभीं राहिलीं होतीं, एवढें तरी कोणी विचारून ठेवावें.