दोन जहाजांच्या याद्या आणि एक प्रश्न

वेमथ हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. १६३५च्या मार्चमध्ये तिथून न्यू इंग्लंडकडे निघालेल्या प्रवाशांची यादी आजही वाचायला मिळते. पहिलं नाव जोसेफ हल, वय ४०, धर्मोपदेशक. त्याखाली बायको अ‍ॅग्नेस, वय २५. मग मुलं, मग घरचे नोकर. त्यानंतर दुसरं कुटुंब, तिसरं कुटुंब. त्याच वर्षी जुलैअखेर ‘मर्चंट्स होप’ हे जहाज व्हर्जिनियाला निघालं. त्याची यादी म्हणजे नुसती नावं आणि वयं. बहुतेक सगळे विशी-पंचविशीतले पुरुष. बायका मोजक्याच.

या दोन्ही याद्या १९९३मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या प्रश्नपत्रिकेत आल्या. जोडीला आणखी सहा कागद होते: न्यू इंग्लंडमधले पुढारी जॉन विन्थ्रॉप यांचं प्रवचन, स्प्रिंगफील्डच्या गावकऱ्यांचा करार, व्हर्जिनियातला बंडखोर नॅथॅनियल बेकन याचा जाहीरनामा वगैरे. प्रश्न असा, की दोन्ही प्रदेशांत मुख्यतः इंग्रजच वसले, मग १७००पर्यंत तिथे दोन निराळे समाज का घडले? याद्या शेजारी ठेवल्या की उत्तराचं एक टोक लगेच हाती लागतं. एकीकडे बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं कायमची राहायला निघाली होती. दुसरीकडे तंबाखूच्या शेतीला हवे असलेले तरुण हात जहाजात चढत होते.

अशा प्रश्नाला ‘डॉक्युमेंट बेस्ड क्वेश्चन’ म्हणतात, मुलांच्या तोंडी ‘डीबीक्यू’. अमेरिकेच्या इतिहासाचा अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचा, म्हणजे कॉलेजच्या तोडीचा, अभ्यासक्रम शाळेतच घेणारी मुलं मे महिन्यात हा पेपर देतात. विषयाचं त्यांचं लाडकं नाव ‘ए-पुश’. तिकडे वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांनाही ते चांगलं ओळखीचं आहे.

या प्रश्नाचं मूळ शोधायला १८४५च्या बॉस्टनमध्ये जावं लागतं. तोवर तिथल्या शाळांत परीक्षा तोंडी होत. समितीचे सदस्य यायचे, मुलं पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवायची आणि सगळे समाधानाने घरी जायचे. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान आणि त्यांचे मित्र सॅम्युएल ग्रिडली हाउ यांना हे पटत नव्हतं. हाउ शाळा समितीवर निवडून आले आणि त्या वर्षी सगळ्या शाळांतल्या वरच्या वर्गांपुढे छापील प्रश्न ठेवले गेले. उत्तरं लेखी द्यायची होती.

निकालाने शहर हादरलं. इतिहासाच्या पेपरात राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या व्यापारबंदीवर, म्हणजे १८०७च्या ‘एम्बार्गो’वर, प्रश्न होता. ती कधी लागू झाली हे बिनचूक लिहिणाऱ्यांतही एम्बार्गो म्हणजे काय, हे न सांगता येणारी मुलं निघाली. पाठांतराचं पितळ उघडं पडलं; पण पाठांतराच्या जागी काय आणायचं, हा प्रश्न उरलाच.

त्याचं एक उत्तर मेरी शेल्डन बार्न्स यांनी दिलं. जर्मनीत इतिहासकार रांके यांच्या परंपरेत विद्यार्थी अस्सल कागद समोर घेऊन वाद घालत. ती पद्धत नुकतीच अमेरिकेतल्या विद्यापीठांत आली होती, आणि मिशिगन विद्यापीठात शिकलेल्या मेरीबाईंनी ती थेट शाळेच्या वर्गात नेली. १८८५मध्ये त्यांचं सामान्य इतिहासाचं पुस्तक निघालं आणि १८९१मध्ये पती अर्ल बार्न्स यांच्यासोबत अमेरिकेच्या इतिहासाचं. त्यात तयार गोष्ट फारशी नव्हती. पत्रांचे, कायद्यांचे, वृत्तान्तांचे उतारे आणि लगेच त्यांवर प्रश्न. पान उलटून उत्तर सापडणार नव्हतं, ते मुलांनी स्वतः काढायचं होतं. शिक्षकांना हे जड गेलं. उतारे समजावून सांगायला जो वेळ आणि वाचन लागतं, ते बहुतेक शाळांकडे नव्हतंच.

दरम्यान परीक्षा आपल्या वाटेने गेली. १९०१मध्ये कॉलेजप्रवेशाच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची पहिली प्रवेशपरीक्षा ९७३ जणांनी दिली, तीत इतिहासाची उत्तरं निबंधवजा होती. १९४२मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत हे लांबलचक पेपर थांबले आणि पर्याय निवडण्याची परीक्षा पुढे आली. १९५६पासून अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या परीक्षांनी इतिहासाचा निबंध परत आणला खरा. पण पाठांतराची जुनी खोडही त्याच्यासोबत परतली.

पेपर काढणाऱ्या समितीतले फादर गाइल्स हेज आणि स्टीफन क्लाइन यांना उत्तरपत्रिकांत तेच ते दिसत होतं. मुलं अर्धवट आठवणाऱ्या माहितीच्या मागे चाचपडत आणि आठवेल ते ओतून मोकळी होत, युक्तिवाद हरवलेला. मग त्यांनी माहिती पेपरातच देऊन टाकायचं ठरवलं. कागद आम्ही देतो, त्यांचं काय करायचं ते तू दाखव. त्या एका तासापुरतं तरी मुलाने इतिहासकार व्हावं, अशी हेज यांची आशा होती. १९७३च्या परीक्षेत पहिला डीबीक्यू आला.

पुढे त्याचा साचा बदलत गेला. कागदांच्या बाहेरचं ज्ञानही वापरा, ही अट आली. २०१५च्या फेररचनेनंतर सात कागद, वाचनासह एक तास आणि सात गुण असा हिशेब ठरला. एकूण निकालात या एका निबंधाचा वाटा २५ टक्के.

कागद हातात दिले म्हणून ते वाचता येतातच असं नाही. इतिहास कसा वाचला जातो याचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासकार आणि शाळेतली आठ हुशार मुलं यांच्यासमोर लेक्झिंग्टनच्या चकमकीचे कागद ठेवले. १९ एप्रिल १७७५च्या सकाळी पहिली गोळी कोणी झाडली, हा अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभीचाच वाद. कागदांत चौतीस स्थानिक शिपायांची शपथेवरची जबानी होती, ब्रिटिश अधिकाऱ्याची रोजनिशी होती आणि पाठ्यपुस्तकातला उताराही होता. इतिहासकार आधी तळाशी जाऊन लिहिणारा कोण ते पाहत, मग मजकुराकडे वळत. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत जात. सगळ्यात विश्वासार्ह काय, असं विचारल्यावर त्यांनी पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवलं.

आजच्या गुणदानपद्धतीत म्हणूनच एक गुण खास राखून ठेवलेला असतो. कागद कोणी, कोणासाठी, कशाकरता लिहिला, हे उलगडून दाखवणाऱ्याला तो मिळतो. ‘मर्चंट्स होप’च्या यादीवर नावांच्या आधी थोडा मजकूर आहे. ग्रेव्हसेंडच्या धर्मोपदेशकाने या प्रवाशांची तपासणी केली, ते इंग्लंडच्या चर्चच्या शिस्तीत बसतात आणि त्यांनी राजनिष्ठेची शपथ घेतली आहे, असं त्यात नोंदवलं आहे. घाईत वाचणारी मुलं हा मजकूर ओलांडून थेट वयांकडे जातात. जे मूल तिथे थांबतं, त्याच्या लक्षात येतं की व्हर्जिनिया कशी होती हे सांगायला ही यादी कोणी केलीच नव्हती; देश सोडून कोण चाललंय, यावर राजाच्या माणसांना नजर ठेवायची होती.