घराजवळची पुण्यक्षेत्रे



यात्रा म्हटली की सांप्रत आपल्या घरांत रोम, लूर्द, फातिमा, निदान वेलांकनी यांचीच नावे निघतात. ज्यांची ऐपत आहे त्यांनी अवश्य जावे. परंतु ज्यांस ते साधत नाही, ते आपण एका पुण्यास अंतरलो असे मानून हळहळतात, हे पाहून आम्हांस वाईट वाटते. यास्तव घराजवळच्या क्षेत्रांचा थोडा इतिहास येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

जो क्षेत्रास जाऊ शकत नाही त्याच्यासाठी क्षेत्रच जवळ आणावे, ही रीत ख्रिस्तसभेत जुनी आहे. यरुशलेमची पवित्र स्थळे सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी क्रुसाच्या वाटेची भक्ती युरोपात पसरविली. १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी ती सर्व मंदिरांत स्थापण्यास परवानगी दिली व तिची स्थाने चौदा ठरविली. प्रायश्चित्तकाळात आपण भिंतीवरील एकेका चित्रासमोर गुडघे टेकतो, ती यरुशलेमची यात्राच होय. अलीकडे २०१५ साली करुणेच्या जुबिली वर्षाच्या आरंभी पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांताच्या मुख्य मंदिरात करुणेचे द्वार उघडावे असे ठरविले, त्यातील हेतूही हाच होता.

आता आपल्या वसईकडे वळू. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. या दोन सालांमध्ये कोटात उभी राहिलेली मंदिरे आज भग्न आहेत. त्यांपैकी जेजुइटांच्या मंदिराशी संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव जोडलेले आहे. ते वसईत जन्मले व येथेच शिकले. वडील पोर्तुगीज व आई येथलीच, असे परंपरा सांगते. जेजुइटांबरोबर ते कोवळ्या वयात जपानला गेले. पण त्या संघात त्यांस प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला आणि अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. पुढे जपानमध्ये धर्मकार्य करीत असता त्यांस पकडण्यात आले. त्यांस व त्यांच्या सोबत्यांस ऐन हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभर चालविण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांस क्रुसावर देहदंड झाला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

कोटापासून जवळच रमेदी. हे नाव पोर्तुगीज ‘रेमेदिउस’ या शब्दावरून पडले. त्याचा अर्थ औषध, उपाय. डोमिनिकन संन्याशांनी वसविलेले हे मारियामातेचे स्थान. आमच्या लहानपणी आई आम्हांस तेथे अनवाणी नेत असे. एके वर्षी, विहिरीच्या पाण्यावरून आमच्या वडिलांशी बोलणे टाकलेले शेजारचे काका त्याच वाटेने चालले होते. वाऱ्याने आमची मेणबत्ती विझली, तेव्हा त्यांनी काही न बोलता आपली पुढे केली. वडिलांनी तिच्यावर आमची पेटविली. घरी परतताना दोघे पाण्याच्या पाळीविषयी बोलत होते! लूर्दच्या वाटेवर हे शेजारी आम्हांस कोठून भेटले असते?

तिसरे क्षेत्र वांद्र्याचे. कोळी बांधव त्या माउलीस ‘मोत माउली’ म्हणतात. ‘मोत’ हा डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश होय. मराठ्यांच्या स्वारीच्या काळात जुने मंदिर पडले, १७६० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. सध्याची वास्तू १९०४ सालची. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तेथे जत्रा भरते. मेणाचे हात, पाय, घरे घेऊन नवस फेडणाऱ्यांत हिंदू, पारशी, सर्वच असतात. त्या पायऱ्यांवर कोणी कोणाची ज्ञात विचारीत नाही.

ज्ञातीच्या स्मरणिकेतच हे लिहावे असे आम्हांस वाटले. संत गोन्सालो आमचे, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु ते कोणत्या ज्ञातीचे? त्यांच्या आईबापांचे देशही वेगळे. ज्यास एका संघाच्या दारातून परत फिरावे लागले, त्याच्या नावाने आपण आपली दारे लावून घेणे शोभत नाही. दूरच्या यात्रेस पैसा लागतो. जवळच्या यात्रेस मनाचा मोठेपणा लागतो, कारण तेथे शेजारी सोबत चालत असतो.

तरी यंदा प्रत्येक कुटुंबाने मुलाबाळांसह कोटात, रमेदीस अथवा वांद्र्यास एकदा जावे, आणि ज्याच्याशी अबोला आहे अशा एका शेजाऱ्यास बरोबर घ्यावे, एवढीच नम्र विनंती करून आम्ही लेखणी आवरतो.