अंधारकाळ आणि हिरवा प्रकाश

फुलण्यासाठी लांब व अखंड रात्र लागणाऱ्या वनस्पतींजवळ अंधाराच्या तासांत वावरताना मंद हिरवा दिवा वापरण्याची पद्धत. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत ती विसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. बंदिस्त जागेत गांजा वाढवणाऱ्यांमुळे ती जगभर माहीत झाली आणि ‘हिरवा उजेड झाडाला दिसतच नाही’ हा समजही तिच्यासोबत पसरला. हा समज चुकीचा आहे. हिरवा उजेड झाडापर्यंत पोहोचतो, पण त्याचा परिणाम तांबड्याच्या मानाने कमी असतो. या पद्धतीचा खरा आधार माणसाच्या डोळ्याची हिरव्या रंगाबाबतची तीक्ष्णता हा आहे. झाड रात्र कशी मोजते हे तत्त्व कळले, की यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात तूर फुलोऱ्यावर कधी येते आणि दिव्याच्या खांबाखालचे सोयाबीन हिरवे का राहू शकते, हेही समजते.

दीप्तिकालिता : दिवस-रात्रीच्या लांबीनुसार वनस्पतींनी आपली वाढ व फुलोरा ठरवणे, याला दीप्तिकालिता म्हणतात. रात्र एका ठरावीक मर्यादेहून लांब झाली की फुलणाऱ्या वनस्पती लघुदिनी (सोयाबीन, तूर, अंबाडी, शेवंती, गांजा). रात्र आखूड झाली की फुलणाऱ्या त्या दीर्घदिनी (गहू, हरभरा). दिवसाच्या लांबीवर ज्यांचा फुलोरा अवलंबून नसतो त्या दिननिरपेक्ष. काही वनस्पतींना ही अट काटेकोरपणे लागते, तर काहींत अनुकूल रात्रीमुळे फुलोरा फक्त लवकर येतो.

शोधाचा इतिहास : या विषयाच्या पहिल्या नोंदींपैकी एक भांगेच्याच झाडावरची आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झ्युलियां तुर्न्वा यांना १९१२ च्या सुमारास हॉप व भांग ही झाडे आखूड दिवसांत अकाली फुललेली आढळली. यामागे दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणे हे कारण असावे, असे अनुमान त्यांनी पुढे मांडले. १९२० मध्ये अमेरिकी कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दीप्तिकालितेचा सिद्धान्त स्पष्ट केला. त्यांच्या ‘बिलॉक्सी’ सोयाबीनची पेरणी आठवड्यांच्या अंतराने केली तरी सगळी झाडे जवळपास एकाच सुमारास फुलली. झाड पेरणीपासूनचे दिवस मोजत नसून ऋतू ओळखते, हे त्यातून दिसले.

१९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वर या काटेरी फळांच्या तणावर निर्णायक प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ प्रकाश दिला की ते फुलत नसे, पण दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केल्याने काही बिघडत नसे. म्हणजे वनस्पती मोजते ती रात्र, आणि ती रात्र अखंड असावी लागते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेन्ड्रिक्स, पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये रात्र मोडण्यात कोणता रंग किती प्रभावी आहे, हे सोयाबीन व शंकेश्वरावर मोजले. तांबडा सर्वांत प्रभावी ठरला, तर निळा-हिरवा सर्वांत दुर्बळ. या परिणामामागील रंगद्रव्य १९५९ मध्ये उपकरणाने टिपता आले. त्याला फायटोक्रोम असे नाव मिळाले.

कार्यपद्धती : पानातील फायटोक्रोमची दोन रूपे असतात. एक सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषून दुसऱ्या, क्रियाशील रूपात जाते. दुसरे सुमारे ७३० नॅनोमीटरचा दूर-तांबडा प्रकाश शोषून पुन्हा पहिल्यात येते. अंधारात क्रियाशील रूप हळूहळू ओसरते. रात्र किती झाली याचे मापन मात्र मुख्यतः वनस्पतीच्या अंगभूत जैविक घड्याळाने होते. एर्विन ब्यूनिंग यांनी १९३६ मध्ये ही कल्पना मांडली होती. घड्याळाच्या नाजूक तासांत, म्हणजे साधारण मध्यरात्रीच्या आसपास, प्रकाश पडला तर लघुदिनी वनस्पतीला रात्र आखूड असल्याचा संदेश मिळतो आणि फुलोरा लांबतो. रात्रीची जाणीव पानाला होते, फूल मात्र शेंड्याला किंवा पानाच्या बगलेत येते. तिथपर्यंत संदेश नेणारे प्रथिन पानात तयार होऊन अन्नरसासोबत वाहत जाते.

हिरव्या प्रकाशाचे स्थान : दृश्य प्रकाशात साधारण ५०० ते ५७० नॅनोमीटरचा पट्टा हिरवा दिसतो. पान हिरवे दिसते म्हणून ते सगळा हिरवा प्रकाश परत फेकते, असे नाही. जाड पान हिरव्या प्रकाशाचा मोठा भाग शोषते आणि त्यातून प्रकाशसंश्लेषणही होते. फायटोक्रोमही हिरवा प्रकाश शोषते, फक्त तांबड्याच्या मानाने बरेच कमी. त्यामुळे मंद हिरवा उजेड थोडा वेळ पडला तर परिणाम नगण्य राहतो, आणि तोच उजेड प्रखर किंवा दीर्घकाळ राहिला तर रात्र मोडते. शेवंतीसारख्या पिकांवरील प्रयोगांत पुरेशा तीव्रतेच्या हिरव्या प्रकाशाने फुलोरा रोखला गेल्याचे आढळले आहे. क्रिप्टोक्रोम ही निळा प्रकाश ओळखणारी प्रथिनेही हिरव्याला अगदीच उदासीन नसतात.

मग हिरवाच का? उजेडात माणसाच्या डोळ्याची सर्वाधिक संवेदनशीलता सुमारे ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्याच्या भर पट्ट्यात असते. ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या दिव्यात तितकेच स्पष्ट दिसायचे असेल तर सुमारे १६ पट ऊर्जा खर्चावी लागते, आणि ती नेमकी फायटोक्रोमच्या मर्मावर पडते. हिरव्या दिव्यात अगदी थोड्या प्रकाशात काम भागते आणि तो थोडा प्रकाशही फायटोक्रोमच्या दृष्टीने दुबळा असतो. दुहेरी फायदा आहे तो हा. याच हिशेबावर विथ्रो आणि प्राइस यांनी १९५७ मध्ये वनस्पतिशास्त्राच्या अंधारखोलीसाठी हिरव्या सुरक्षित दिव्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दिवा सुरक्षित ठरतो तो रंग, तीव्रता व वेळ या तिन्हींच्या मर्यादेत. नुसता रंग पुरेसा नाही.

गांजा आणि कायदा : गांजा ही लघुदिनी वनस्पती आहे. फुलोऱ्यासाठी लागणारी रात्रीची मर्यादा तिच्या वाणानुसार बदलते. विषुववृत्ताजवळचे वाण लांब रात्रीची वाट पाहतात, तर उत्तरेकडचे वाण तुलनेने आखूड रात्रीत फुलतात. परवानगी असलेल्या देशांत बंदिस्त लागवडीत फुलोऱ्याच्या काळात १२ तास प्रकाश व १२ तास अंधार असा क्रम ठेवण्याची रीत आहे. अंधार वारंवार मोडला तर फुलोरा लांबतो किंवा झाड पुन्हा पानांच्या वाढीकडे वळते.

भारतात अमली पदार्थ व मनःप्रभावी पदार्थ कायदा, १९८५ च्या कलम ८ नुसार गांजाच्या झाडाची लागवड प्रतिबंधित आहे. कलम २० नुसार लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १४ नुसार केवळ धागा, बी किंवा उद्यानविद्येच्या हेतूने सरकार लागवडीस परवानगी देऊ शकते. या आधारे औद्योगिक भांगेला वाट देणारे पहिले राज्य उत्तराखंड होय. त्यामुळे महाराष्ट्रात या ज्ञानाचा उपयोग आहे तो कायदेशीर पिकांसाठी, आणि तो मोठा आहे.

केळापूरची रात्र आणि पिके : केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा येथे असून हा भाग सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर येतो. येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५५ मिनिटांचा असतो. वर्षभरातला फरक अडीच तासांहूनही कमी आहे. तरीही येथील खरिपाचे वेळापत्रक या फरकावर चालते.

तूर हे याचे ठळक उदाहरण. पावसाच्या सुरुवातीला, बहुधा कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून पेरलेली तूर पावसाळाभर उंच वाढते आणि रात्री लांबल्यावर फुलोऱ्यावर येते. ऑक्टोबरच्या मध्यास येथील दिवस सुमारे ११ तास ४० मिनिटांचा होतो. उशिरा पक्व होणाऱ्या वाणांत रात्रीच्या लांबीबाबतची संवेदनशीलता अधिक असते, लवकर येणाऱ्यांत कमी. सप्टेंबरात पेरलेली तूर बुटकीच राहून फुलते, कारण उगवताच तिला लांब रात्री मिळतात. म्हणून अशा उशिराच्या पेरणीत झाडांची संख्या वाढवावी लागते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र आणि हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थांनी वेगवेगळ्या कालावधीचे तुरीचे वाण दिले आहेत. वाणाची निवड म्हणजे त्या शेतातली ओल आणि रात्रीची लांबी यांचा मेळ घालणे होय.

सोयाबीनचा लवकर येणारा वाण ऑगस्टमध्ये, दिवस सुमारे १२ तास ५० मिनिटांचा असतानाच फुलतो. या पिकातही रात्रीच्या सततच्या उजेडाने फुलोरा व पक्वता लांबते. बाकीचे शेत सोंगणीला आले असताना दिव्याच्या खांबाजवळची झाडे हिरवी राहणे, ही जगभर ठिकठिकाणी नोंदवलेली घटना आहे. धुऱ्यावर भाजीसाठी व धाग्यासाठी लावली जाणारी अंबाडीही लघुदिनी आहे. लवकर पेरली तर फुलण्याआधी तिला उंच वाढायला वेळ मिळतो आणि धागा लांब निघतो. तिच्या पानांचे भांगेच्या पानांशी साम्य असल्याने तिचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस असे आहे. कापसाची गोष्ट वेगळी. त्याच्या रानटी पूर्वजांना लांब रात्र लागे, पण माणसाने शेकडो पिढ्यांच्या निवडीतून ती अट जवळजवळ काढून टाकली. म्हणून आजच्या अमेरिकन कपाशीला पात्या लागणे रात्रीवर फारसे अवलंबून नसते.

शेतातील रात्रीचा उजेड : पौर्णिमेचा चंद्रप्रकाश लक्सच्या अपूर्णांकातच मोजला जातो आणि सहसा फुलोरा रोखण्यास अपुरा पडतो. रात्री पाने मिटल्याने चंद्रप्रकाश पानाच्या पृष्ठावर आणखी कमी पडतो, असा विचार ब्यूनिंग आणि मोझर यांनी १९६९ मध्ये मांडला. तूर व सोयाबीन या दोन्हींची पाने रात्री अशी मिटतात. रानडुक्कर आणि रोहींपासून पीक राखण्यासाठी जागल करताना फिरणाऱ्या बॅटरीचा झोत एका झाडावर काही क्षणच पडतो, त्यामुळे तिची चिंता करण्याचे कारण नाही. हिरव्या घाटेअळीच्या पतंगांसाठी लावलेला प्रकाशसापळा संध्याकाळनंतर काही तासच चालवतात आणि त्याचा प्रभाव अंतरानुसार झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. खरा प्रश्न असतो रात्रभर एकाच जागी जळणाऱ्या दिव्याचा. जुन्या सोडियम दिव्याच्या पिवळ्या-नारिंगी प्रकाशात फायटोक्रोमला उपयोगी भाग बराच असतो आणि पांढऱ्या एलईडीतही तांबडा अंश असतोच. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्याजवळून जातो. महामार्गालगतच्या गावांत, जिनिंगच्या आवारालगत किंवा उंच खांबाच्या दिव्याखाली शेत असेल, तर पिकाच्या उशिरा पक्वतेचे कारण शोधताना या उजेडाकडेही पाहायला हवे. त्यावर उपाय साधे आहेत. दिव्याला शेताच्या बाजूने आडोसा करावा, त्याचे तोंड खाली वळवावे आणि त्या पट्ट्यात रात्रीबाबत उदासीन पीक घ्यावे.

रात्र मुद्दाम मोडण्याचा उपयोग : शेवंतीच्या व्यावसायिक लागवडीत मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून फुलोरा रोखतात, रोपे हव्या त्या उंचीला आली की दिवे बंद करतात किंवा काळ्या कापडाने रात्र लांबवतात. सुमारे १०० लक्स उजेड यासाठी पुरतो. सण-लग्नसराईला फूल बाजारात यावे, हा हेतू. ड्रॅगन फ्रूट दीर्घदिनी असल्याने महाराष्ट्रातील काही बागायतदार हिवाळ्यात त्याच्या ओळींवर रात्री एलईडी लावतात आणि हंगामाबाहेर फुले आणतात. दिवा तोच, पण एका पिकात तो फूल थांबवतो आणि दुसऱ्यात उघडतो. हरभऱ्याच्या जलद पैदाशीत दिवसाला २२ तास प्रकाश देऊन वर्षभरात अनेक पिढ्या घेता येतात, तेही याच तत्त्वावर.

वापरताना घ्यायची काळजी : संशोधन केंद्रात, रोपवाटिकेत किंवा शेवंतीच्या हरितगृहात अंधारकाळी शिरावे लागले तर अरुंद पट्ट्याचा, सुमारे ५२० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवा एलईडी वापरावा. साध्या बल्बला हिरवा रंग किंवा जिलेटिन कागद लावून भागत नाही, कारण त्यातून तांबडा व दूर-तांबडा प्रकाश निसटतो. उजेड काम दिसण्यापुरताच असावा, झोत पानांवर नव्हे तर वाटेवर पडावा आणि काम मिनिटांत संपवावे. मध्यरात्रीचे तास शक्यतो टाळावेत. शक्य असेल तेथे काम दिवसावर ढकलणे, हा हिरव्या दिव्याहूनही खात्रीचा उपाय आहे. कारण वनस्पतीच्या लेखी सुरक्षित असा एकच उजेड आहे, तो म्हणजे न लावलेला. पिकाची रात्र ही पाणी आणि खताइतकीच त्याची गरज आहे, आणि ती त्याला पुरी मिळू देणे शेतकऱ्याच्या, नगररचनाकाराच्या आणि संशोधकाच्या हातात आहे.